पाहुण्याचा संकोच



परदेशांत एखाद्या स्नेह्याच्या घरीं राहण्याचा योग पूर्वीं फार थोड्यांच्या नशिबीं येत असे. आतां तसें राहिलेलें नाहीं. कोणाचा बालमित्र अमेरिकेंत स्थायिक झालेला असतो, कोणाचा जर्मनींतील एखाद्या कुटुंबाशीं वर्षानुवर्षें पत्रव्यवहार असतो. आणि निवृत्तीनंतर हातीं वेळ व गांठीं चार पैसे असले, म्हणजे "आमच्याकडेच उतरा" हें निमंत्रण स्वीकारावेंसें वाटतें. सामान कोणतें घ्यावें, तिकिट केव्हां काढावें, हें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु परक्या देशांत, परक्या भाषेच्या घरांत पाहुणा कसें व्हावें, हें कोणी सांगत नाहीं; तें आपणांस येतेंच असें आपण गृहीत धरतों. मीही तसेंच धरलें होतें. मॅट्रिक होऊन शिक्षकाची पदविका घेतली आणि छत्तीस वर्षें वर्गांतील मुलांना शिष्टाचाराचे धडे दिले. मला आणखी कोणी काय शिकवावें, अशी माझी समजूत होती. ती जपानांतील ओकायामा शहरीं, तिसऱ्या दिवशीं, चिमूटभर मेतकुटानें दूर केली. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. तींत माझी फजिती आहे. पण अशा प्रवासास निघणाऱ्यांस उपयोगी पडेल असेंही कांहीं आहे.

प्रथम ओळख कशी झाली तें सांगतों. पुण्यास सिंहगड रस्त्यावर जें पु. ल. देशपांडे उद्यान आहे, त्यास पुणें-ओकायामा मैत्री उद्यान असेंही म्हणतात. ओकायामा येथील कोराकुएन या तीनशें वर्षांच्या जुन्या बागेच्या धर्तीवर तें रचलेलें आहे. तें पाहण्यासाठीं त्या शहरचे एक इंग्रजीचे शिक्षक आले असतां तेथील एका बांकावर आमची गांठ पडली. दोघेही मास्तर, दोघांचेही विद्यार्थी खोडकर. बोलण्यास विषय कमी पडला नाहीं. दुसऱ्या दिवशीं ते आमच्या घरीं जेवावयास आले, आणि पुढें नऊ वर्षें आमचीं पत्रें जात-येत राहिलीं. दोघेही सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनीं लिहिलें, "आतां आमच्या घरीं आठ दिवस राहावयास या." त्याप्रमाणें २०२३ सालच्या ऑक्टोबरांत मी गेलों.

येथें पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती ही, कीं परदेशांतील स्नेह्याचें निमंत्रण हा नुसता प्रेमाचा शब्द नसतो. तो सरकारी कागदही असतो. जपानांत स्नेह्याकडे जाण्यासाठीं आपण व्हिसा मागतों तेव्हां निमंत्रणाचें कारण यजमानास लिहून द्यावें लागतें आणि पाहुण्याचा दिवसवार कार्यक्रम कळवावा लागतो. पाहुण्याचा खर्च यजमान करणार असेल तर हमीपत्रही द्यावें लागतें. त्या हमीपत्रांत तीन गोष्टी असतात: पाहुण्याच्या राहण्याचा खर्च, त्याच्या परतीच्या प्रवासाचा खर्च, आणि तो तेथील कायदे पाळील याची हमी. त्यास यजमानाच्या उत्पन्नाचे दाखलेही जोडावे लागतात. खर्च माझा मीच करणार होतों, म्हणून हमीपत्राची गरज पडली नाहीं. तथापि निमंत्रणपत्राखालील सही पाहतांना माझ्या मनांत आलें, कीं एका परक्या माणसाच्या येण्याजाण्याचा जाब देण्यास हा गृहस्थ आपल्या सरकारापुढें उभा राहिला आहे. त्या देशांत प्रवेश करतांना आपण कोठें उतरणार याचा पत्ता लिहून द्यावा लागतो. तेथें हॉटेलाचें नांव न लिहितां एका कुटुंबाचा पत्ता लिहिला, म्हणजे आपली वागणूक आपल्या एकट्याची राहत नाहीं.

दुसरी गोष्ट भेटवस्तूंची. माझा बेत सासवडचीं सीताफळें नेण्याचा होता. परंतु ताजीं फळें व भाज्या तपासणीच्या दाखल्यावांचून त्या देशांत नेतां येत नाहींत. विमानतळावर तीं काढून घेतात. सर्दीपडशाचीं कांहीं साधीं औषधेंही तेथील कायद्यानें निषिद्ध आहेत, म्हणून नेहमींच्या औषधांची आधीं चौकशी करून घेणें बरें. मीं अखेरीस हिमरूची एक शाल घेतली. भेट दोन्ही हातांनीं द्यावी आणि एकाच प्रकारच्या चार वस्तू देऊं नयेत, एवढें मला ठाऊक होतें. कारण जपानींत चार या शब्दाचा एक उच्चार मृत्यु या शब्दासारखाच आहे. परंतु भेट दात्यासमोर उघडूं नये अशीही तिकडे जुनी रीत आहे, हें ठाऊक नव्हतें. यजमानीणबाईंनीं पुडकें कपाळाजवळ नेऊन नमस्कार केला आणि तसेंच बाजूस ठेवून दिलें. त्या रात्रीं मी उगीच खिन्न झालों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाल त्यांच्या खांद्यावर होती.

तिसरी गोष्ट अन्नाची, आणि येथें माझी चूक झाली. निघण्यापूर्वीं त्यांनीं पत्रांतून विचारलें होतें, "आपण काय काय खात नाहीं?" मीं उत्तर दिलें, "मी शाकाहारी आहें. बाकी कांहींही चालेल. माझ्यासाठीं मुळींच त्रास घेऊं नका." हें वाक्य लिहितांना मला तें मोठ्या सभ्यपणाचें वाटलें होतें. पुढें जें घडलें त्याचें मूळ तेंच.

ओसाका येथें विमानांतून उतरून शिन-ओसाका स्टेशनावर वेगवान आगगाडी धरली, म्हणजे सुमारें पाऊण तासांत ओकायामा येतें. माझे स्नेही स्टेशनावर हजर होते. घरांत ते, त्यांच्या पत्नी, आणि नव्वदीच्या घरांतल्या त्यांच्या मातुश्री अशीं तीन माणसें. पत्नींस मी मनांतल्या मनांत वहिनी म्हणत असें, आणि मातुश्रींस आजी.

जपानी घराच्या दारांतून आंत गेलें म्हणजे प्रथम एक लहानशी खोलगट जागा लागते. तिला 'गेन्कान' म्हणतात. रस्त्याची जमीन तेथें संपते आणि एक पायरी चढून घर सुरू होतें. जोडे खालीं काढून, त्यांचीं टोकें दाराकडे करून ठेवावयाचे, आणि वर येतांच घरांतल्या सपाता घालावयाच्या. ज्या खोलींत 'तातामी' म्हणजे भाताच्या काडाच्या गादीवर लव्हाळ्याची चटई शिवलेलीं आसनें पसरलेलीं असतात, तेथें सपाताही चालत नाहींत. अनवाणी किंवा पायमोज्यांनींच जावयाचें. शौचकूपासाठीं निराळ्या सपाता असतात, त्या त्याच्या दारांतच सोडून यावयाच्या. पहिल्याच सायंकाळीं त्या सपाता घालून मी थेट बैठकीच्या खोलींत येऊन उभा राहिलों. वहिनींनीं दृष्टि दुसरीकडे वळविली. आजी मात्र तोंडावर हात ठेवून मनमुराद हंसल्या. सोवळेंओवळें ज्याच्या घरांत पिढ्यान्पिढ्या पाळलें गेलें, त्यास ही व्यवस्था समजण्यास जड जाऊं नये. परंतु ओवळें नेमकें कोणत्या रेषेवर सुरू होतें तें देशपरत्वें निराळें असतें, आणि पाऊल टाकण्यापूर्वीं तें पाहून घ्यावें लागतें.

स्नानाचेंही तसेंच. न्हाणीघरांत एका बुटक्या स्टुलावर बसून साबणानें स्वच्छ अंग धुवावयाचें, साबण पुरता काढून टाकावयाचा, आणि मगच टांकींत उतरावयाचें. टांकींतलें पाणी चाळीस-बेचाळीस अंश सेंटिग्रेड इतकें ऊन असतें. तें मळ काढण्यासाठीं नसून दिवसभराचा शीण घालविण्यासाठीं असतें, आणि घरांतील मंडळी एकामागून एक त्याच पाण्यांत बसतात. पाहुण्यास पहिला मान मिळतो. त्यानें आंत साबण नेला, किंवा बाहेर पडतांना बूच उपसून पाणी सोडून दिलें, तर पाठीमागच्या सर्वांचें स्नान त्यानें वाहवून टाकलें असें होतें. हें माझ्या स्नेह्यांनीं आधींच बजावलें होतें, म्हणून या परीक्षेंत मी उत्तीर्ण झालों. ज्या गोष्टीबद्दल आम्ही आधीं स्पष्ट बोललों होतों तेथें मी चुकलों नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

आतां मेतकुटाकडे वळतों. पहिल्या रात्रीं जेवणांत भात, सोयाबीनच्या दुधाचें पनीरासारखें 'तोफू', शिजवलेला भोपळा व मुळा, लोणचें, आणि वाटींत 'मिसो'चें गरम सार होतें. मांसमच्छीचा तुकडाही कोठें दिसत नव्हता. सार मला फार आवडलें, आणि तें कशाचें करतात असें मीं विचारलें. माझ्या स्नेह्यांनीं मोठ्या उत्साहानें सांगितलें, कीं त्याचा पाया 'दाशी' नांवाचें पाणी. बोनिटो नांवाचा मासा शिजवून, धुरी देऊन, लांकडासारखा कठीण होईपर्यंत वाळवतात. रंध्यानें काढावा तसा त्याचा पातळ कीस काढतात. आणि तो ऊन पाण्यांत घालून त्याचा अर्क उतरवितात. त्यांत बहुधा 'कोंबू' नांवाची समुद्रवनस्पतीही असते. हें पाणी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा प्राण. तें सारांत असतें, शेवयांच्या रश्श्यांत असतें, भाज्या त्यांतच शिजवतात. फोडणींतल्या हिंगाला आपण जसें निराळें अन्न म्हणून मोजीत नाहीं, तसे ते या पाण्याला मासा म्हणून मोजीत नाहींत. "मी शाकाहारी आहें" या माझ्या शब्दांवरून वहिनींनीं मासा वगळला होता; माशाचें पाणी वगळावयाचें असतें हें त्यांनीं कशावरून ओळखावें?

नकळत मत्स्यरस पोटांत गेला याचें मला वाईट वाटलें नाहीं, असें म्हणणें खोटेपणाचें होईल. पण मीं तें बोलून दाखविलें नाहीं. एवढ्या कष्टानें रांधलेल्या अन्नास नांव कसें ठेवावें, असा विचार केला, आणि दुसऱ्या दिवसापासून कोरडा भात व लोणचें एवढेंच खाऊं लागलों. "वयोमानानें भूक मंदावली आहे," असें सांगितलें. रात्रीं मात्र पोट ऐकेना. तेव्हां आमच्या मंडळींनीं पिशवींत घातलेलें मेतकूट व रव्याचे लाडू काढून, दिवा बारीक करून, शाळकरी मुलासारखा मी चोरून खाऊं लागलों.

जपानी अंथरूण सकाळीं घडी करून कपाटांत ठेवावयाचें असतें. तिसऱ्या दिवशीं वहिनी तें उन्हांत घालण्यासाठीं घेऊन गेल्या, तों चादरीवर पिंवळें मेतकूट आणि लाडवाचे कण. त्या कांहीं बोलल्या नाहींत. सायंकाळीं माझे स्नेही माझ्याजवळ येऊन बसले आणि खालीं पाहत म्हणाले, "माझ्या पत्नीचा स्वयंपाक आपणांस रुचत नाहीं काय? ती दोन दिवस विचार करीत आहे, कीं आपलें काय चुकलें." मला धरणी पोटांत घेईल तर बरें असें झालें. मीं सर्व हकीकत सांगितली. वहिनींनीं तें ऐकून जमिनीपर्यंत वांकून माझीच क्षमा मागितली. आणि तें मला सर्वांत जड गेलें, कारण अपराध संपूर्ण माझा होता.

त्या अडचणींतून वाट काढली ती आजींनीं. त्या म्हणाल्या, पूर्वीं घरांतील मृतांच्या स्मृतिदिनीं आम्हीही मासा वर्ज्य करीत असूं. बौद्ध मठांतल्या त्या पाककृतीस 'शोजिन र्‍योरी' म्हणतात. तींत मांसमासे नसतात, आणि सारासाठीं कोंबू व वाळविलेल्या भूछत्रांचें पाणी घेतात. दुसऱ्या दिवशीं आजी स्वतः स्वयंपाकघरांत बसल्या आणि सुनेकडून तें पाणी करवून घेतलें. म्हणजे माझ्या अडचणीचें उत्तर त्या घरांतच होतें. मीं तोंड उघडण्याचा काय तो अवकाश होता.

त्या रात्रीं माझ्या स्नेह्यांनीं मला एक जपानी शब्द सांगितला. पाहुणा भीड धरून जो संयम राखतो, त्यास ते 'एन्र्‍यो' म्हणतात. आपल्या संकोचासारखाच हा शब्द, असें मला वाटलें. पण त्यांनीं कागदावर त्याचीं दोन अक्षरें काढून दाखविलीं. पहिल्याचा अर्थ 'दूर' आणि दुसऱ्याचा अर्थ 'विचार'. मला आपला शब्द आठवला. संकोच म्हणजे मूळ संस्कृतांत आकसणें, मिटून जाणें. व्यवहारांत त्यांचा एन्र्‍यो आणि आपला संकोच हीं बहुधा सारखींच दिसतात, आणि त्यांच्याकडेही केवळ भिडेनें गप्प बसणारे पाहुणे असतीलच. परंतु त्या दोन अक्षरांनीं मला माझी चूक दाखविली. मी आकसलों होतों. दूरचा विचार मीं केला नव्हता. केला असता तर समजलें असतें, कीं पाहुणा जेवत नाहीं ही गोष्ट कोणत्याही गृहिणीपासून तीन दिवस लपत नाहीं, आणि खरें कारण कळलें नाहीं म्हणजे ती दोष स्वतःकडे घेते. आपल्याकडे "नको, नको" म्हणणाऱ्यास यजमान तिसऱ्यांदा आग्रह करतो, आणि त्या आग्रहाच्या भरंवशावर आपण पहिल्यांदा नकार देतों. युरोप-अमेरिकेंतील बहुतेक घरांत एकदां दिलेला नकार खरा मानतात, आणि पाहुणा उपाशी राहतो. जपानांत यजमान व पाहुणा दोघेही भीड राखणारे. तेथें दोघेही मनांत झुरत राहतात.

परत आल्यावर मीं डॉ. आनंदीबाई जोशी यांची हकीकत या नव्या दृष्टीनें पुन्हां वाचली. १८८० सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनीं, दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असतां, एका मिशनरी नियतकालिकांत आनंदीबाईंच्या शिक्षणासंबंधींचा पत्रव्यवहार वाचला आणि त्यांस पत्र घातलें. एकमेकींस कधींही न पाहिलेल्या या दोघी पुढें सुमारें तीन वर्षें पत्रांतून बोलत राहिल्या. आपल्या चालीरीती, धर्म, घरसंसार, सर्व कांहीं लिहीत राहिल्या. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या. निघण्यापूर्वीं, १८८३ च्या फेब्रुवारींत, बंगालांतील सेरामपूर येथें जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस कां जात आहों हें त्यांनीं सांगितलें, आणि हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, हेंही स्पष्ट केलें. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्यांनीं कलकत्त्याहून बोट धरली, आणि ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कला पोंचल्या. पतीवांचून परदेशीं निघालेली ती अठरा वर्षांची मुलगी कार्पेंटरबाईंच्या घरीं राहिली. तेथून ऑक्टोबरांत ती फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाली. तिनें लुगडें सोडलें नाहीं, शाकाहार सोडला नाहीं, आणि त्यामुळें त्या घराशीं तिचें वितुष्टही आलें नाहीं. ११ मार्च १८८६ रोजीं पदवी घेऊन ती त्याच वर्षीं परतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास तिचें देहावसान झालें. तिच्या अस्थि मावशींकडे पाठविण्यांत आल्या. न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी गांवीं कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत त्या विसावल्या आहेत.

मी वयाची साठी उलटून गेलेला मनुष्य. मला नऊ वर्षांच्या पत्रव्यवहारांत जें लिहावयाचें सुचलें नाहीं, तें या मुलीनें तीन वर्षांत लिहिलें. आपण कोण, काय पाळतों, काय सोडणार नाहीं, हें तिनें आधीं सांगितलें होतें. म्हणून यजमानांस तिच्या येण्यानें कोड्यांत पडावें लागलें नाहीं, असें मला वाटतें.

यावरून जीं कांहीं व्यावहारिक सूत्रें मला सुचलीं, तीं थोडक्यांत सांगतों. जाण्यापूर्वीं आपल्या अन्नाविषयीं एका शब्दांत लिहूं नये. 'शाकाहारी' या शब्दाचा अर्थ प्रत्येक देशांत निराळा आहे. मासा, अंडें, मांसाचा किंवा माशाचा अर्क, प्राण्यांची चरबी, यांपैकीं काय चालतें व काय चालत नाहीं, तें ओळीनें लिहावें. आपला आजार, औषधांच्या वेळा, जमिनीवर बसतां येतें कीं नाहीं, जिना चढवतो कीं नाहीं, हें कळवावें. येण्याचा दिवस जसा सांगतों तसा जाण्याचा दिवसही आधींच सांगावा. न सांगितल्यास यजमानास विचारतां येत नाहीं.

तेथें असतांना घराची शिस्त विचारून घ्यावी. जपानांत केरकचऱ्याचेही प्रकार असतात: जळणारा निराळा, प्लॅस्टिक निराळें, बाटल्या व डबे निराळे, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. हे नियम गांवोगांव बदलतात. पाहुण्यानें चुकीच्या पिशवींत टाकलेली बाटली यजमानीण पुन्हां हातानें काढीत बसते. आगगाडींत व बसमध्यें फोनवर बोलूं नये. आणि रोज निदान अर्धा दिवस आपण एकट्यानें बाहेर जावें. यजमान कितीही प्रेमळ असला तरी त्यास आपल्या घरांत मोकळेपणानें श्वास घेण्यास थोडा वेळ हवा असतो.

जेवणाच्या आरंभीं जपानी माणसें हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात, म्हणजे 'नम्रपणें स्वीकारतों'. शेवटीं 'गोचिसोसामा' म्हणतात. यांतील 'चिसो' या शब्दाचा मूळ अर्थ धांवपळ. पाहुण्यासाठीं सामग्री जमवितांना यजमानानें केलेल्या धांवपळीची ती पोंच आहे. हे दोन शब्द मीं पहिल्या दिवशींच पाठ केले होते. परंतु ज्यांच्या धांवपळीबद्दल मी रोज आभार मानीत होतों, त्यांची धांवपळ माझ्याच मौनानें वाढत आहे, हें मात्र ध्यानांत आलें नव्हतें.

असा एकट्यानें काढलेला अर्धा दिवस मीं कोराकुएन बागेंत घालविला. आसाही नदीच्या पलीकडे ओकायामाचा काळा किल्ला दिसतो, आणि अलीकडे हिरवळ, तळीं, भाताचें एक लहानसें खाचर. तेथील सरदार इकेदा त्सुनामासा यांनीं ही बाग करविली, आणि १७०० सालीं ती पुरी झाली. तिचें आजचें नांव १८७१ सालापासूनचें आहे. कोराकुएन म्हणजे मागाहून सुख घेण्याची बाग. राज्यकर्त्यानें लोकांच्या आधीं चिंता करावी आणि लोकांच्या मागून सुख घ्यावें, अशा अर्थाच्या एका जुन्या चिनी वचनावरून तें ठेवलेलें आहे. राज्यकर्त्यांचें काय तें असो. तळ्याकांठीं बसून मला वाटलें, कीं पाहुण्यासही हें वचन लागू आहे. मीं चिंता आधीं केली असती, एक लांबलचक पत्र निघण्यापूर्वीं लिहिलें असतें, तर आठांपैकीं तीन दिवस असे गेले नसते.

उरलेले पांच दिवस फार आनंदांत गेले. आजींनीं मला कोंबूचें पाणी कसें करावें तें शिकविलें. मीं वहिनींस मेतकूट-भात करून वाढला. निघतांना त्यांनीं मेतकुटाची उरलेली पुडी मागून घेतली. घरीं आल्यावर मीं आधीं त्यांस पत्र लिहिलें, आणि मग बॅगा उघडल्या.

येत्या जानेवारींत माझे स्नेही व वहिनी पुण्यास यावयाचे आहेत. गेल्या आठवड्यांत त्यांचें पत्र आलें. वहिनींस तिखट सोसत नाहीं; स्नेह्यांचा उजवा गुडघा दुखतो, सबब पाटावर बसतां यावयाचें नाहीं; दुपारीं दोघांनाही अर्धा तास निजावयास लागतें; दूध चालतें, पण ताक प्यालें तर पोट बिघडतें; राहणार दहा दिवस, अकराव्या दिवशीं सकाळीं जाणार. इतकें सगळें त्यांनीं क्रमांक घालून लिहिलें होतें. मीं तें आमच्या मंडळींस वाचून दाखविलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "बरें झालें बाई, सगळें सांगितलें. आतां मला निवांतपणें तयारी करतां येईल."